नौदलाच्या जहाजावर गावातून कोणाला पाठवायचं? नावं काढण्यापासून धक्क्यावर पोचेपर्यंत

पत्र येतं: अमुक तारखेला जहाजभेट आहे, वीस जणांची नावं कळवा. आणि त्याच संध्याकाळी निम्म्या जागा भरतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, अध्यक्षांचे मेहुणे, गणपतीत मंडपाचा खर्च उचलणारे शेठ. उरलेल्या जागांसाठी ग्रुपवर ‘इच्छुकांनी नावं द्यावीत’ असा मेसेज पडतो आणि ज्याच्या हातात मोबाईल असतो तो आधी नाव देतो. अशी यादी फुकट जाते. वीस जण जातात, वीस फोटो येतात (तेही गेटबाहेरचेच), आणि गावात नौदलाबद्दल जेवढं माहीत होतं तेवढंच राहतं.

हा लेख अशी यादी करणाऱ्यांसाठी आहे: मच्छीमार सोसायटी, नगरपंचायत, शाळा, माजी सैनिकांची संघटना किंवा ग्रामपंचायत. उदाहरण सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका तालुक्याचं आणि मुंबईच्या नौदल गोदीतल्या जहाजाचं घेतलं आहे. गोव्यात किंवा रत्नागिरी-रायगडात फारसं काही बदलत नाही. जिथे बदलतं तिथे तसं लिहिलं आहे.

आधी पत्र दोनदा वाचा

जहाजभेट दोन प्रकारची असते, आणि यादी कशी करायची ते प्रकारावर ठरतं.

पहिल्या प्रकारात जहाज धक्क्याला बांधलेलं असतं. दोन-तीन तास फिरवून दाखवतात आणि परत. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास काही जहाजं शाळा-कॉलेजांना आणि सर्वसामान्यांना अशी खुली होतात. १९७१ मध्ये त्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता, म्हणून ती तारीख. दुसऱ्या प्रकारात पाहुण्यांना घेऊन जहाज बाहेर पडतं आणि संध्याकाळपर्यंत परत येतं. इंग्रजीत याला ‘डे ॲट सी’ म्हणतात आणि पत्रात बहुधा तोच शब्द असतो. इथे एकदा जहाज सुटलं की ‘मला बरं वाटत नाही, मी उतरतो’ ही सोय नाही. म्हणून तब्येतीची चाळणी दुसऱ्या प्रकारात जास्त कडक हवी.

पत्रातून चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: नेमका आकडा, वयाची अट, नावं पाठवायची शेवटची तारीख, आणि ओळखपत्र कोणतं चालेल. पाचवी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नावं कोणत्या नमुन्यात हवीत? नमुना दिला असेल तर त्यातला एकही रकाना वगळू नका आणि आपल्या मनाने वाढवूही नका. खालच्या मजकुरात आणि पत्रात फरक दिसला तर पत्र खरं.

‘वीस सांगितलेत, बावीस नेऊ, कोण मोजतंय’ हे करू नका. जहाजावर प्रत्येक पाहुण्यामागे कोणाचं तरी लक्ष आणि जागा खर्च होते, आणि त्या गर्दीची किंमत काय होऊ शकते ते जगाने पाहिलं आहे. ९ फेब्रुवारी २००१ ला हवाईजवळ ‘ग्रीनव्हिल’ ही अमेरिकन पाणबुडी १६ नागरी पाहुण्यांना घेऊन गेली होती. वेगाने पृष्ठभागावर येण्याचं प्रात्यक्षिक दाखवताना ती ‘एहिमे मारू’ या जपानी मत्स्यविद्यालयाच्या प्रशिक्षण जहाजाला खालून धडकली. नऊ जण गेले, त्यात चार विद्यार्थी होते. पाहुण्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण नियंत्रण कक्षात झालेल्या दाटीमुळे नेहमीची माहितीची देवाणघेवाण अडली, हे चौकशीत पुढे आलं. आकडा म्हणजे आकडा.

एका जागेची किंमत काय

किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र रोज दिसतो, नौदल दिसत नाही. त्यांचं काम क्षितिजापलीकडे चालतं. मालवण-तारकर्लीकरांनी ४ डिसेंबर २०२३ ला युद्धनौकांची प्रात्यक्षिकं किनाऱ्यावरून पाहिली, तो अपवाद. म्हणून प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: हा माणूस परत आल्यावर कोणाला सांगणार, आणि ते त्याचं ऐकतात का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला की यादी आपोआप हलते. ट्रॉलरचा मालक मागे जातो आणि त्याच ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, पुढे येतो, कारण संशयास्पद बोट समुद्रात तांडेलला दिसते, मालक बंदरावर असतो. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवूनच आले होते. तेव्हापासून मच्छीमार हेच किनाऱ्याचे डोळे-कान, असं प्रत्येक बैठकीत सांगितलं जातं. ज्याने गस्तीच्या जहाजावरचा रेडिओ कक्ष स्वतः पाहिलाय, तो तांडेल पुढच्या वेळी वायरलेसवर बोलायला कचरत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्याच्या खलाशांना त्याच्याकडून कळला तर लक्षात राहतो, भिंतीवरच्या पोस्टरवरून राहत नाही.

शाळेतून मुख्याध्यापक जातात. त्यांच्याऐवजी अकरावी-बारावीला गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवणारी बाई पाठवा. अग्निवीर म्हणून नौदलात एसएसआर (बारावीनंतरची भरती) प्रवेशासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, एमआरसाठी (दहावीनंतरची भरती) दहावी पुरते, आणि मुलींनाही दार उघडं आहे. हे वर्गात कोण सांगणार? ज्यांचा तो तास आहे त्याच. मुख्याध्यापक २६ जानेवारीच्या भाषणात एकदा उल्लेख करतील आणि विषय तिथेच संपेल.

लांब यादी, मग छोटी

वीस जागांसाठी निदान पन्नास नावं गोळा करा. ती एकाच माणसाच्या डोक्यातून यायला नकोत, नाहीतर सगळी एकाच वाडीची येतात. पाच ठिकाणी विचारा: मच्छीमार सोसायटीचा सचिव, कनिष्ठ महाविद्यालय, पोलीस पाटील, ग्रामीण रुग्णालय, आणि मासळी बाजारात बसणाऱ्या बायका. शेवटच्यांना विचारायला कोणी जात नाही, पण कोणाचं कोण ऐकतं याची सगळ्यात पक्की खबर त्यांच्याकडे असते.

किनाऱ्यावरच्या तालुक्यासाठी वीस जागांची वाटणी अशी बसते: तीन तांडेल, वेगवेगळ्या बंदरांचे. मासळी विकणारी एक. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक. हा माणूस महिन्याभरात पन्नासेक बोटींवर चढतो आणि तोंड बंद ठेवत नाही. शिक्षक चार. विद्यार्थी तीन, एनसीसीचं नौदल युनिट असेल तर त्यातले, नसेल तर मैदानी खेळातले. स्थानिक वार्ताहर दोन. सागर रक्षक दलाचे, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवणारे गावातले स्वयंसेवक, दोन. पोलीस पाटील एक, रुग्णालयातली परिचारिका एक, माजी सैनिक एक आणि पथकप्रमुख एक. हे वीस झाले. तुमच्या गावात मच्छीमार नसतील तर पहिल्या पाच जागा आयटीआयच्या निदेशकांना आणि वेल्डर-फिटरच्या मुलांना द्या. जहाज म्हणजे तरंगतं कारखान्याचं गाव आहे, आणि त्यात वेल्डिंग, इलेक्ट्रिकल, रेफ्रिजरेशन सगळंच येतं.

माजी सैनिक एकच का, असा प्रश्न येईल आणि नाराजीही येईल. ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्याला दाखवून नवीन काही पोचत नाही, हे त्यांना समोरासमोर सांगा. ते समजून घेतात. उलट बाकीच्यांची तयारी करून घ्यायला त्यांच्याइतका चांगला माणूस नाही.

राजकीय नावांबद्दल सरळ नियम ठेवा. लोकप्रतिनिधी हवा असेल तर नौदल स्वतंत्र निमंत्रण देतं, तुमच्या वीसात ती जागा बसवू नका. निवडणूक जाहीर झाली असेल तर संभाव्य उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, नको. ‘साहेब, तुम्ही गेलात तर दुसऱ्या गटाचे दोघं मागे लागतील आणि नौदल सगळंच रद्द करेल’ हे वाक्य चालतं, कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसऱ्याची भीती त्यांनाही असते.

मागे जाऊन आलेल्यांना परत पाठवू नका. एकाच घरातले दोघे नकोत. आणि जो बाकी काही विचारण्याआधी ‘फोटो काढता येतील ना?’ असं विचारतो, त्याचं नाव राखीव यादीतही खाली ठेवा.

तब्येत: लाजून विचारायचं राहून जातं तेच

युद्धनौका म्हणजे इमारत नव्हे. एका डेकवरून दुसऱ्यावर जाताना जिने जवळजवळ उभे असतात, पायऱ्या अरुंद आणि लोखंडी. उतरताना तोंड जिन्याकडे करून, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरावं लागतं. दारांचे उंबरठे नडगीपर्यंत येतात, आणि वरची चौकट कपाळावर. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ती रचना असते, पाहुण्यांच्या गुडघ्यांचा विचार त्यात नाही. ‘मोरमुगाओ’सारखी विनाशिका १६३ मीटर लांब आहे. तिच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या हेलिकॉप्टर डेकपर्यंत दोनदा जाऊन आलं आणि मधे चार जिने चढले, की घाम फुटतो. धक्क्यावरून जहाजावर चढायची फळी, म्हणजे गँगवे, भरती-ओहोटीप्रमाणे कधी सपाट तर कधी तिरकी असते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या वर जातं.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. शाळेच्या तीन मजली इमारतीत न थांबता दोनदा चढ-उतार करायला सांगा, दुसऱ्या उतरणीला तोंड जिन्याकडे करून. धाप लागून बसावं लागलं तर नाव बदला. हे सगळ्यांकडून एकत्र करून घ्या, कोणा एकाला वेगळं काढू नका. नाहीतर वयस्कर माणूस हट्टाने करून दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो.

एक छोटा अर्ज भरून घ्या. त्यात पुढचे प्रश्न असावेत आणि उत्तर फक्त हो किंवा नाही: गेल्या सहा महिन्यांत शस्त्रक्रिया, छातीत दुखणं, पेसमेकर, भोवळ, बंद जागेची भीती, गरोदरपण, नियमित औषधं. पेसमेकर असेल तर आधीच नौदलाच्या संपर्क अधिकाऱ्याला कळवा. जहाजावर रडार आणि शक्तिशाली ट्रान्समीटर असतात, आणि निर्णय त्यांचाच. मधुमेह अडथळा नाही, पण खिशात बिस्किटं आणि गोळी हवी.

समुद्रात जाणार असाल तर बोट लागण्याचा विषय काढा. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट लागतेच असं नाही आणि उलटही खरं. ट्रॉलरवर जन्म काढलेल्या तांडेललाही मोठ्या जहाजाच्या पोटात, खिडकी नसलेल्या कप्प्यात मळमळू शकतं, कारण डोळ्यांना क्षितिज दिसत नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि जहाज सुटण्याच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. सकाळी उपाशी जाऊ नये. भाकरी-चटणी किंवा इडली खावी, वडापाव आणि दोन चहा नको.

नावांची यादी: इथेच सगळं अडकतं

गेटवर जे परत पाठवले जातात, त्यांतले बहुतेक नावापायी. संरक्षण क्षेत्रात शिरताना पहारेकरी यादी आणि ओळखपत्र शेजारी धरून बघतो. दोन्हीत फरक दिसला तर तो वाद घालत नाही, बाजूला उभं करतो.

यादीतली एक ओळ जवळून पाहू. शाळेने नाव दिलं ‘सौ. सुप्रिया’, गाव तिला याच नावाने ओळखतं. आधारवर नाव आहे ‘सुनीता’, माहेरचं, कारण लग्नात नाव बदललं पण कार्ड तेच राहिलं. आडनाव कार्डावर माहेरचं, हजेरीपटावर सासरचं. मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. म्हणजे तीन शब्दांपैकी एकही जुळत नाही, आणि ती बाई खरी आहे! यावर उपाय एकच. तोंडी नाव घ्यायचंच नाही. ओळखपत्र समोर ठेवून त्यावरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवायचं, शब्दांचा क्रमही तोच. आधी आडनाव असेल तर आधी आडनाव. ‘श्री’, ‘सौ’, ‘डॉ.’, ‘भाऊ’ काही लावायचं नाही. मग दुसऱ्या माणसाने ती यादी मोठ्याने वाचायची आणि पहिल्याने कार्डाशी ताडून बघायची.

रकाने साधारण असे: अनुक्रमांक, ओळखपत्रावरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, पत्ता, मोबाईल, व्यवसाय, राष्ट्रीयत्व. शेवटचा रकाना भारतीय म्हणून झटकन भरला जातो, आणि गोव्यात तो हमखास गोत्यात आणतो. तिथे बऱ्याच घरांत कोणी ना कोणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलेला माणूस इथेच जन्मला-वाढला असला तरी कायद्याने परदेशी नागरिक असतो आणि त्याची परवानगी वेगळ्या वाटेने जाते. ‘तुमच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट आहे का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. ‘तुम्ही भारतीयच ना?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात.

राखीव नावं वीसामागे चार ठेवा आणि तीही त्याच कागदपत्रांसकट, त्याच दिवशी पाठवा. ऐनवेळी कोणाला ताप आला तर यादीतलाच दुसरा जातो. गेटवर ‘याच्या बदली हा’ चालत नाही. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांचं सहीचं संमतीपत्र आणि शाळेचं ओळखपत्र जोडा.

आधारच्या प्रती ग्रुपवर मागवू नका. एका माणसाने त्या हातात घ्याव्यात, काम झालं की परत द्याव्यात, फोनमधले फोटो पुसावेत.

प्रत्येक नावापुढे दोन ओळी

शिफारसपत्रात बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं: ‘समाजकार्याची आवड असलेले, विविध पदे भूषवलेले, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व.’ वाचणाऱ्या अधिकाऱ्याला यातून काही कळत नाही. असं लिहा: ‘पर्ससीन बोटीवर तांडेल. बंदरातल्या खलाशांची बैठक दर अमावास्येला घेतो. वायरलेसचा वापर स्वतः शिकवतो.’ किंवा: ‘बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्र शिकवतात. दरवर्षी दोन तुकड्यांना भरतीची माहिती देतात.’ काय करतो, किती लोकांपर्यंत पोचतो, परत आल्यावर काय करणार. चौथं विशेषण नको.

निघण्याआधीची बैठक

आठवडाभर आधी सगळ्यांना एकत्र बसवा. माजी सैनिकाला बोलू द्या, पण वीस मिनिटं. बाकी वेळ हे सांगायला:

मोबाईल, कॅमेरा, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह आत नेता येणार नाहीत असं धरूनच चला. वीस मोबाईल गेटवर जमा करायला अर्धा तास जातो, म्हणून ते गाडीत किंवा लॉजवरच ठेवा. घरच्यांना पथकप्रमुखाच्या मुक्कामाचा नंबर देऊन ठेवा. तंबाखू, पान, लायटर, काडेपेटी नको.

पायात रबरी तळव्याचे बंद बूट. कोल्हापुरी चप्पल दिसायला छान, पण ओल्या लोखंडी डेकवर घसरते. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. जिन्यावर दोन्ही हात कठड्याला लागतात, निऱ्या सावरायला तिसरा हात नसतो. टोपी, ओढणी, सुटे कागद उघड्या डेकवर उडतात, आणि हेलिकॉप्टरच्या जागी उडालेला रुमालही इंजिनात जाऊ शकतो. म्हणून तिथे काढायला सांगितलं की काढायचं.

विचारायचं काय? खाणं कसं शिजतं, पाणी कुठून येतं, पहारे किती तासांचे, दहावीनंतर कसं येता येतं. जहाज कधी निघणार, कुठे जाणार, क्षेपणास्त्र किती लांब जातं हे विचारायचं नाही. उत्तर मिळणार नाही आणि सांगणारा अवघडेल. भेटीची तारीख आणि जहाजाचं नाव आधी कुठेही टाकायचं नाही.

भेटवस्तू न्यायची असेल तर आधी विचारा. गावचे काजू पिशवीभर नेणं प्रेमाचं असलं, तरी पिशवी तपासणीत अडकते.

प्रवास

सिंधुदुर्गातून मुंबई पाचशेच्या आसपास किलोमीटर. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तिथून थेट गोदीत जायचं, हा हिशेब कागदावर जमतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी असतो, आणि तास-दोन तास उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोचा. सगळ्यांचा मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. नातेवाइकांकडे विरार, कल्याणला गेलेले सकाळी वेळेवर येत नाहीत.

गेट कोणतं ते पत्रात असतं, आणि तेच टॅक्सीवाल्याला सांगायचं. लायन गेट वेगळं, टायगर गेट वेगळं. नुसतं ‘नेव्हीचं गेट’ म्हटलं तर निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे उतरतात. सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी सगळे तिथे हवेत. पथकप्रमुखाजवळ यादीच्या तीन छापील प्रती, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं एका प्लास्टिक पाकिटात, त्याच अनुक्रमाने. छायाप्रत चालत नाही.

परत आल्यावर

गाडीतच प्रत्येकाकडून लिहून घ्या: कोणाला, कधी, कुठे सांगणार. तांडेलने येत्या अमावास्येच्या बैठकीत, शिक्षिकेने पुढच्या आठवड्यात बारावीच्या वर्गात, वार्ताहराने रविवारी. महिन्याभराने फोन करून विचारा. नौदलाच्या संपर्क अधिकाऱ्याला आभाराचं पत्र पाठवताना त्यात हेच लिहा: अमुक ठिकाणी इतक्या लोकांना सांगितलं, भरतीबद्दल इतक्या मुलांनी विचारलं. पुढच्या वर्षी जागा मागताना या पत्राची प्रत जोडता येते.

आणि सोसायटीच्या कपाटात एक वही ठेवा. कोण गेलं, कोणत्या वाडीचं, काय केलं, राखीव कोण होतं, कोणाला नाही म्हटलं आणि का. समिती बदलते, सचिव बदलतो, वही राहते. पुढच्या वेळी राखीवातले चार जण आधी विचारात घ्यायचे, हे त्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.